पट्टी दिवाळीला वर आली, आता बॉर्डर कशाची?

प्रश्न थोडक्यात असा: "नाशिकला आमचं रो-हाउस आहे. पुढे १५ बाय २५ फुटांची मोकळी जागा. मध्ये हिरवळ, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंतीलगत अडीच फूट रुंदीचे वाफे. एकात गुलाब, दुसऱ्यात मोगरा आणि शेवंती. माती काळी. मागच्या उन्हाळ्यात हिरवळ आणि वाफ्याच्या मधोमध प्लास्टिकची पट्टी बसवली. पावसाळ्यात ती जागोजागी फुगली, दिवाळीपर्यंत अर्धी वर आली. हराळी गुलाबात शिरली. यंदा वळवाच्या पावसाने वाफ्यातली माती पार्किंगच्या फरशीवर आणून टाकली. घरात आता दोन मतं आहेत. हे म्हणतात, गवंडी बोलावून विटा सिमेंटमध्ये पक्क्या बसवून टाकू. सासूबाईंना तिरक्या विटांची बॉर्डर हवी, त्यांच्या लहानपणी सरकारी बंगल्यात होती तशी. काय करावं?"

ताई, पहिल्यांदा हे सांगतो की आत्ता काहीच बसवू नका. पाऊस सुरू झाला आहे, काळ्या मातीत कुदळ चिकटेल, चर धड होणार नाही आणि जे बसवाल ते चिखलात बसेल. हे काम पावसाळा संपून जमीन वापशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी झाली, की करायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. मार्च-एप्रिलवर ढकलू नका. तुमची पट्टी वर का आली, याचं उत्तर त्यातच आहे.

काळी माती आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातून झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पितात आणि फुगतात, वाळले की आक्रसतात. मे महिन्यात शेतात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तुम्ही पट्टी ठोकलीत तेव्हा माती पार आक्रसलेली होती, निम्म्या खुंट्या भेगांमध्येच गेल्या असणार. जूनमध्ये माती फुगली आणि तिने पट्टी उचलली. पावसाळा ओसरल्यावर माती खाली बसली, पण तोवर पट्टीखाली जी फट झाली होती तिच्यात ढेकळं आणि गाळ घसरून बसला. मग पट्टी परत खाली येणार कशी? दरवर्षी ती थोडी थोडी वरच जाणार. पट्टी चांगल्या कंपनीची असती तरी हेच झालं असतं.

सिमेंटच्या विटांचं काय होतं तेही सांगतो, कारण ते मी स्वतःच्या पैशाने शिकलो आहे. धंद्यात नवा होतो. एका बंगल्यात मे महिन्यात ऐंशी फूट विटांची बॉर्डर बांधली, चार इंच खोल चर, खाली पातळसं काँक्रीट, वर दोन थर विटा, वरून छान गिलावा. बंगल्याच्या मालकांनी चहा पाजला, पाहुण्यांना बोलावून दाखवली. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. तीन ठिकाणी आरपार तडा, आणि मधला बारा-पंधरा फुटांचा तुकडा हिरवळीकडे असा कललेला की जणू कुणी खांद्याने रेटलाय. नोव्हेंबरमध्ये सगळं उखडून पदरमोड करून पुन्हा केलं. तेव्हापासून काळ्या मातीवर लांबलचक, अखंड, सिमेंटमध्ये बांधलेली बॉर्डर मी करत नाही. ती टिकवायची तर भिंतीसारखा पाया घ्यावा लागेल, खालच्या मुरमापर्यंत. सहा इंचाच्या बॉर्डरसाठी अडीच-तीन फूट खोदाई कोण करणार? हेच घर मुरमाड जमिनीवर किंवा कोकणात जांभ्यावर असतं तर तुमच्या यजमानांचं म्हणणं मी लगेच मान्य केलं असतं. तिथली जमीन हलत नाही.

सासूबाईंच्या तिरक्या विटा मला मनापासून आवडतात. जुनी विश्रामगृहं, शाळा, पोलिसांची मैदानं, रेल्वे स्टेशनांच्या बागा, सगळीकडे ती करवतीच्या दातांसारखी रांग असायची, एक वीट गेरूची, एक चुन्याची. त्यात सिमेंट लागत नाही, म्हणजे माती फुगली तरी तडा जायचा प्रश्न नाही. एकेक वीट शेजारणीवर रेलून असते. गंमत अशी की त्यामुळेच एक वीट फुटली की मागच्या दहा आडव्या होतात. माळी पगारी असेल आणि रोज सकाळी चक्कर मारत असेल तर ठीक. पण तुमच्याकडे हराळी आहे, आणि हराळीला ही बॉर्डर म्हणजे उघडं दार. विटा जमिनीत जेमतेम चार-पाच इंच जातात आणि दोन विटांमध्ये सांधा राहतोच.

हराळीबद्दल दोन गोष्टी कळल्या की बॉर्डर कशी हवी ते आपोआप कळतं. ती दोन वाटांनी पसरते. एक वाट जमिनीवरून, लांब रांगणाऱ्या काड्यांची, पेरापेराला मुळं धरत. दुसरी जमिनीखालून, पांढरट टोकदार खोडांची. खालची खोडं बहुतेक वरच्या सहा इंचांत असतात, मोकळ्या मातीत त्याहूनही खाली जातात. म्हणजे बॉर्डरचं खालचं टोक किमान आठ-नऊ इंच खोल हवं, सांधे बंद हवेत, आणि वरून ओलांडणारं गवत डोळ्यांना दिसेल अशी मोकळी पट्टी हवी. नुसती उंच बॉर्डर काही कामाची नाही. उंच बॉर्डरच्या आडोशाला हराळी लपून चढते आणि तुम्हाला कळतं तेव्हा ती गुलाबाच्या बुंध्याशी गेलेली असते.

तुमच्याकडे लव्हाळासुद्धा असेल, काळ्या मातीत तो असतोच. त्याला कुठलीही बॉर्डर अडवत नाही. त्याच्या गाठी जमिनीत असतात आणि एक राहिली तरी पुरते. त्याचा राग बॉर्डरवर काढू नका.

आता पाऊस आहे तोवर करायचं काम. हे फुकटचं आहे, पण मी याला निम्मं काम समजतो. एखाद्या जोरदार सरीत छत्री घेऊन अंगणात उभ्या राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघा. माझा अंदाज आहे की गच्चीचा पाइप वाफ्यात किंवा वाफ्याजवळ सुटत असणार. हिशेब करून बघा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची ५० चौरस मीटर असेल आणि वळवाच्या सरीत २० मिलिमीटर पडला, तर त्या एका पाइपातून हजार लिटर पाणी खाली येतं, तेही अर्ध्या-पाऊण तासात. अडीच फुटी वाफ्यापुढे ते म्हणजे ओढाच. माती पार्किंगमध्ये येणारच, बॉर्डर संगमरवराची असली तरी. त्या पाइपला एक बाक आणि लागेल तेवढा तुकडा जोडून पाणी चेंबरमध्ये किंवा शोषखड्ड्यात न्या. प्लंबरचं एका सकाळचं काम आहे.

दुसरं बघायचं ते मातीची पातळी. बहुतेक घरांत वाफ्यातली माती बॉर्डरच्या डोक्याच्या बरोबरीला किंवा वर फुगवलेली असते, कारण दरवर्षी शेणखत घालतो, कधी लाल मातीची पोती टाकतो, काढत मात्र काहीच नाही. तुमच्याकडेही तेच असेल. पहिल्या सरीला वरची भुसभुशीत माती खतासकट निघून जाते. कंपाउंडच्या भिंतीचाही विचार करा. ती भिंत आडोशासाठी बांधलेली असते, माती पेलण्यासाठी नाही. शेजारचं अंगण खाली असेल आणि तुमचा वाफा फूटभर चढला असेल तर काळी माती फुगताना त्या भिंतीलाही ढकलते. ती माती आधी उतरवा. तीच चरातून निघणाऱ्या मातीबरोबर कुंड्यांना वापरता येईल, शेणखत आणि वाळू मिसळून.

तर दिवाळीनंतर काय बसवायचं? मी तुमच्या जागी असतो तर उभी शहाबादी फरशी लावली असती, आणि तिच्या हिरवळीकडच्या अंगाला आडव्या विटांची एक ओळ. दगड जमिनीखालचं काम करतो, विटा वरचं.

बाकीचे पर्याय भराभर सांगून टाकतो. लाकूड आणि बांबू मातीला लागले की वाळवी आलीच, बांबू दोन पावसाळे काढला तर नशीब. जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर कुणी आणून देईल, दिसतात झकास, पण त्यांना टिकाऊपणासाठी क्रिओसोट पाजलेलं असतं, ते विषारी आहे. मुलं जिथे बसतात किंवा कोथिंबीर जिथे लावता तिथे नको. बाटल्या उलट्या पुरून केलेली बॉर्डर फोटोत सुंदर दिसते, पण खुरपं लागून एक फुटली की वाफ्यात अनवाणी पाय टाकायची सोय राहत नाही. जुन्या सिमेंट पत्र्यांचे तुकडे तर अजिबात नकोत. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. लोखंडी पत्र्याची पट्टी वळणाला फार छान बसते, मात्र वरची कड दुमडलेली घ्या, नाहीतर गुडघे सोलवटतील. पोकळ सिमेंट ब्लॉक लोक भोकं वर ठेवून लावतात आणि त्यात रोपं लावतात. निम्मी भोकं रिकामी राहतात, पावसाळ्यात त्यांत शंखी गोगलगायी दिवसभर झोपतात आणि रात्री शेवंती खातात. कडप्पा शहाबादीसारखाच वापरता येतो, पण काळा असल्याने एप्रिलमध्ये तापतो आणि लगतची माती लवकर सुकते. नाशिकला काळ्या पाषाणाच्या घडीव पट्ट्या मिळाल्या तर शहाबादीपेक्षा त्या सरसच, फक्त वजन आणि घडाईची मजुरी तयार ठेवा. मोगऱ्याच्या बाजूला हराळी नसती तर मी नुसता चर ठेवा म्हटलं असतं. हिरवळीकडे उभा काप, वाफ्याकडे उतार, पाच इंच खोल. त्याहून देखणी कड नाही. पण आपल्या पावसात ती महिन्याभरात ढासळते आणि तुम्ही दर महिन्याला फावडं घेऊन उभ्या राहणार नाही.

फरशी घेताना दुकानात जाऊन एकेक तुकडा बघा. शहाबादी हा थराथरांचा चुनखडीचा दगड आहे. आडवा अंथरला की वर्षानुवर्षं काही होत नाही, पण उभा केला की थरांची तोंडं आकाशाकडे होतात आणि पाणी आत शिरतं. म्हणून कडेला रेघा सुटलेला, पापुद्रा दिसणारा तुकडा बाजूला काढा. हातोडीने हळूच वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर आत तडा आहे. जाडी सव्वा ते दीड इंच, रुंदी बारा इंच, लांबी दोन फूट. पॉलिश नको. तुम्हाला हिरवळीच्या दोन बाजू मिळून पन्नास फूट लागेल, म्हणजे पंचवीस तुकडे, वर तुटफुटीला तीन. विटा नऊ इंची असतील तर आडव्या ओळीला सदुसष्ट लागतात, त्या ओळीपुरत्या पंचाहत्तर आणा. विटा भाजलेल्या लाल असाव्यात, नखाने ओरखडा पडणारी वीट जमिनीलगत दोन वर्षांत लोणा धरून सोलते. त्याखेरीज पाव ब्रास, म्हणजे पंचवीस घनफूट मुरूम. सिमेंट एक गोणी भरपूर होते, उरेलच.

कामाला लागण्याआधी चेंबर कुठे आहे, नळाची लाइन कुठून येते, फाटकाच्या दिव्याची वायर कुठून गेली आहे, हे घर बांधणाऱ्याला किंवा जुन्या प्लंबरला विचारून घ्या. वायर चार इंचांवर पुरलेली मी दोनदा पाहिली आहे. एकदा पहारीने.

आता बसवणं. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, दोरी ताणा, दोरीखाली चुन्याची फक्की मारा. भिंतीपासून अंतर दर पाच फुटांवर टेपने तपासा, कारण कंपाउंडची भिंत सरळ असेलच असं नाही आणि वाकड्या भिंतीला समांतर बॉर्डर वाकडीच दिसते. पार्किंगच्या कोपऱ्यात काटकोन हवा तर तीन-चार-पाचचा हिशेब करा: एका दोरीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की गुण्यात आहे. वाफ्याची अडीच फूट रुंदी चांगली आहे, ती वाढवू नका. एका बाजूने हात तेवढाच पोचतो. त्याहून रुंद केलात तर मागचा गुलाब छाटायला वाफ्यात पाय टाकावा लागेल.

चर तेरा इंच खोल, आठ इंच रुंद. खोदताना हराळीची मुळं कुदळीने तोडत बसू नका, प्रत्येक पेराचा तुकडा पुन्हा उगवतो. दाताळ्याने माती उचलून झाडा, मुळं हाताने वेचा आणि ती कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवा. वाफ्यातलीही तशीच काढायची. याला कंटाळा आला की लक्षात ठेवा, आत राहिलेल्या हराळीला नवी बॉर्डर बाहेर जाऊ देणार नाही. ती गुलाबातच सुखाने नांदेल.

चराच्या तळाला तीन इंच मुरूम टाका, पाणी शिंपडा, धुम्मस (जमीन ठोकायचं जड अवजार) मारा. या मुरमाच्या थरामुळे दगडाच्या बुडाशी फुगणारी माती राहत नाही, पाणी साचत नाही, आणि बाजूची माती हलली तरी दगड जागेवर राहतो. तुमच्या पट्टीखाली हाच थर नव्हता. मग पार्किंगच्या टोकाकडून सुरुवात करून एकेक फरशी उभी करा. हिरवळीच्या पातळीपासून दहा इंच खाली, दोन इंच वर. दोरी हिरवळीकडच्या वरच्या कडेला धरायची आणि प्रत्येक तुकडा रबरी हातोडीने ठोकून दोरीला लावायचा. दोरीला चिकटवायचा नाही, बोटाच्या नखाएवढी फट ठेवायची, नाहीतर एक दगड दोरी ढकलतो आणि पुढचे सगळे त्याच्यामागे जातात. पाणसळ लावून सपाटी बघा, पण अंगणाला फाटकाकडे उतार असेल तर दगडांनाही तोच उतार द्या. सपाट बॉर्डर उताराच्या अंगणात एका टोकाला पुरल्यासारखी आणि दुसऱ्या टोकाला उपटल्यासारखी दिसते. दगड अगदी ओळंब्यात नको, वाफ्याच्या बाजूला पाव इंच झुकता ठेवा. माती त्याला हिरवळीकडे ढकलणार आहे, ती ढकलेल तेव्हा तो सरळ होईल.

सांध्यांची गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिथेच तुमची जुनी पट्टी कामाला येईल. टाकून दिली नसेल तर तिचे सहा-सहा इंचांचे तुकडे कापा. प्रत्येक सांध्यामागे, हिरवळीच्या बाजूने, एकेक तुकडा उभा लावा. पट्टीची रुंदी कमी पडत असेल तर खाली-वर दोन लावा. हराळीचं टोक दगडाला लागून सांधा शोधत फिरतं आणि तिथे आलं की प्लास्टिकवर आपटतं. त्या तुकड्याच्या पाठीला दोन मुठी काँक्रीटचा गोळा, एकास चार-आठचा माल (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) पुरे. गोळे फक्त सांध्यांवर, मधे मोकळं. सलग काँक्रीट ओतायचा मोह गवंड्याला होईल, तो उभा राहून मोडून काढा. सलग झालं की पुन्हा तीच बांधलेली भिंत आणि तेच तडे. दगड सुटे असले की प्रत्येक जण आपापल्यापुरता केसभर हलतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येतो.

मग हिरवळीच्या बाजूने मुरूम, तीन-तीन इंचांच्या थरांत, प्रत्येक थर ओला करून ठोकलेला. घाईत पूर्ण चर भरून वरून एकदा धुम्मस मारली तर खालचा मुरूम पोकळच राहतो. वरचे तीन इंच उरले की त्यात विटांची ओळ आडवी, लांबीने, सिमेंटशिवाय. विटांचा माथा मातीच्या बरोबरीला. आज गवताच्या टोकांच्या बरोबरीला ठेवलात तर पावसाळ्यात ठेच लागेल. या ओळीवरून कापायच्या यंत्राचं चाक जातं, किंवा तुम्ही कात्रीने कापत असाल तर गुडघा टेकायला जागा होते. आणि हराळी ओलांडायला लागली की लाल विटेवर हिरवी काडी लांबून दिसते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा त्या काड्या कापायच्या, हिवाळ्यात महिन्याने. एवढीच देखभाल, पण ती टाळली तर बाकी सगळं व्यर्थ, हे आधीच सांगून ठेवतो. विटांच्या सांध्यांत थोडं गवत येईल, येऊ द्या, खुरप्याच्या टोकाने वर्षातून दोनदा निघतं.

वाफ्याच्या बाजूने माती भरताना दगडाच्या माथ्यापासून दोन इंच खाली थांबा आणि भिंतीकडे हलका चढ द्या. वर सुकलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या अंथरा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की ती उडते, पाचोळ्यावर आपटला तर नाही.

आता राहिली पार्किंगकडची तोंडं, प्रत्येकी अडीच फुटांची. इथे यजमानांचं सिमेंट चालेल. तुकडा इतका छोटा आहे की तडा जायला लांबीच नाही, आणि बाजूला फरशी असल्यामुळे ती कड पक्की हवीच. चार इंच काँक्रीटवर दोन थर विटा, एकास सहाचा माल (एक भाग सिमेंट, सहा वाळू). विटा आधी पाण्यात भिजवा, बुडबुडे थांबेपर्यंत, कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. खालच्या थरातला एक उभा सांधा मुद्दाम रिकामा सोडा. त्याच्या मागे दोन घमेली खडी आणि खडीभोवती हिरव्या शेडनेटचा तुकडा. पाणी निथळून येईल, माती मागे राहील. हे भोक दिसायला बरं नाही म्हणून गवंडी जाताना प्रेमाने बुजवून जातो. तो जाईपर्यंत तिथेच थांबा. गिलावा करू नका, मातीची ओल गिलाव्याला दोन वर्षांत फुगवते. आठ दिवस पाणी मारा.

घराच्या भिंतीलगत वाफा नाही हे तुम्ही चांगलं केलंत. पुढेमागे करायची हौस आली तर भिंतीपासून दीड फूट सोडून करा आणि माती जोत्याच्या बरीच खाली ठेवा. बॉर्डर केली की माती भरावीशी वाटते, माती भरली की ती जोत्यावर चढते, मग बैठकीच्या भिंतीला ओल आणि पाठोपाठ वाळवी. माझ्या पाहण्यातल्या तीन घरांत हे घडलं, आणि तिन्ही ठिकाणी आधी दोष रंगाऱ्याला दिला होता.

दोन माणसं, एक गवंडी आणि एक बिगारी, हे काम तीन दिवसांत करतात. खोदाईचा एक दिवस, दगडांचा एक, विटा आणि तोंडांचा एक. स्वतः करायचं म्हटलं तर दोन शनिवार-रविवार धरा आणि खोदाईला तरी माणूस घ्या. दगड लावायचं काम कंबर मोडणारं नाही, चिकाटीचं आहे. ते घरच्यांनी केलं तर गवंड्यापेक्षा चांगलं होतं, कारण घरच्यांना घाई नसते.

सासूबाईंच्या तिरक्या विटा राहिल्या. पुढे तुळस असेलच, किंवा फाटकाशी एखादा चाफा. जिथे हिरवळ लागत नाही अशी जागा त्यांना विचारून ठरवा आणि तिथे चार-साडेचार फूट व्यासाचं गोल आळं करा. खुंटीला दोरी बांधून काठीने वर्तुळ काढलं की झालं. पंचेचाळीस अंशांत वीट टाकली तर फुटाला तीन विटा लागतात, म्हणजे चाळीस-बेचाळीस पुरतील. अर्धी वीट जमिनीत, अर्धी वर, खाली दोन इंच मुरूम. गोलात एक फायदा असा की पहिली आणि शेवटची वीट एकमेकींवर रेलतात, टोकाला टेका द्यावा लागत नाही. माती मात्र झाडाच्या बुंध्याला चढवू नका, ताटासारखी मधे खोल ठेवा. आणि गेरू-चुना लावणार असाल तर आधी विटा रोवा, मग रंग द्या. उलटं केलंत तर निम्मा रंग मातीत जातो, निम्मा हाताला.